विसावा गाडीतील हवापाळीचा अहवाल

आमच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेकडे एक गाडी आहे आणि त्या गाडीला तीन खोल्या आहेत. हे वाक्य संस्थेच्या वार्षिक अहवालात याच शब्दांत छापले गेले आणि सभासदांनी ते टाळ्या वाजवून मंजूर केले. संस्थेकडे पंचगंगेच्या काठावर पाणी उपसायला जॅकवेल आहे, पंप आहेत, गावोगाव फिरणारा पाट आहे. पण टाळ्या पडल्या त्या गाडीला. सन दोन हजार तीनचा उन्हाळा होता. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता, नदीत दगड दिसू लागले होते आणि अशा वेळी संचालक मंडळाला अभ्यासाची निकड भासते.

गाडीचे नाव 'विसावा'. मूळची ती एक थकलेली आराम बस. बाके काढून, आत फळ्या ठोकून तिच्या तीन खोल्या केल्या. पुढची खोली अध्यक्ष हंबीररावांची. मधली खोली उपाध्यक्ष महालिंग आण्णा आणि इतर संचालकांची. जेवण, झोप आणि सभा तिथेच. शेवटची खोली महिला कक्ष. कायद्याने मंडळावर एक महिला असावी लागते, म्हणून शालूबाई होत्या. आणि शालूबाई होत्या म्हणून महिला कक्ष होता. दारावर तशी पाटी लावली होती. संस्थेचा सचिव म्हणून मी कुठल्या खोलीत बसावे याचा निर्णय प्रलंबित असल्याने मी दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसत असे. हा अहवाल त्या उंबऱ्यावरून लिहिला आहे.

गाडी थंड ठेवण्यासाठी टपावर एसी बसवायचा होता. गाडीची बॉडी बांधणाऱ्या कारागिराने दोन यंत्रे सुचवली होती, एक पुढे आणि एक मागे.

"एका संस्थेला दोन चेअरमन असत्यात का?" हंबीररावांनी विचारले.

नसतात. म्हणून एकच यंत्र घेतले आणि ते पुढच्या खोलीच्या डोक्यावर बसवले. तिथून छताखालून पत्र्याचा एक बोगदा मागपर्यंत नेला आणि प्रत्येक खोलीत त्याला एकेक झडप ठेवली. झडप उघडली की त्या खोलीत गार हवा पडणार, अशी योजना. खोली पुरेशी गार झाली की यंत्र आपोआप बंद पडावे म्हणून उष्णता मोजणारा एक डबा असतो. तो कारागिराने शेवटच्या खोलीत बसवला. गारवा जिथे सर्वांत शेवटी पोचतो तिथेच तो मोजावा, असे त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे शहाणपणाचे होते आणि कुणालाच न कळल्यामुळे एकमताने मंजूर झाले.

पहिल्या अभ्यास दौऱ्याचा विषय ठरला 'शेवटच्या टोकाला पाणी'. पाण्याचे सर्वांत शेवटचे टोक म्हणजे समुद्र, हे भूगोलाने सिद्ध असल्याने दौरा मालवणला न्यायचे ठरले.

शालूबाईंना समुद्रात रस नव्हता. त्यांची वाडी आमच्या पाटाच्या अगदी शेपटाला. पाणी सुटले की आधी हंबीररावांचे गाव पिते, मग वाटेतली गावे पितात, आणि वाडीपर्यंत पोचते ती पाणी सुटल्याची बातमी. वाडीत शालूबाईंचा उसाचा खोडवा उभा होता आणि तो पिवळा पडत चालला होता. येत्या पाळीला पाणी मिळाले तर ऊस, नाही मिळाले तर सरपण. पाळी ठरवायची सभा दौऱ्यातच होणार होती. म्हणून त्या आल्या. सोबत एक पिशवी, पाण्याची कळशी आणि मुलाने दिलेला मोबाईल.

गगनबावड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ऊन चांगलेच तापले. शालूबाई पदराने तोंड पुसत, मधली खोली ओलांडून, पुढच्या खोलीच्या दाराशी आल्या.

"चेअरमनसाब, माज्या खोलीत वारं येईना."

"यील की. गाडी पुढं पळतीया म्हंजे वारं मागंच जाणार. जाईल कुठं?"

"मागं निस्ता उकाडा आलाय. तव्यावर बसल्यागत झालंया."

मधल्या खोलीतून महालिंग आण्णा उठून आले. आण्णांचा गुळाचा व्यापार, शेती राज्याच्या हद्दीपलीकडेही थोडी, बोलण्यात कानडीची फोडणी. "अय्यो आक्का, नवीन नळी हाय ती," ते समजुतीने म्हणाले. "नवा पाट आधी सोता पाणी पितोय का न्हाई? भिजू द्या की तिला."

संचालकांनी माना डोलावल्या. सगळ्यांचा जन्म पाण्यात गेला होता. नवा पाट खोदला की पहिली पाळी मातीच पिते, हे प्रत्येकाने पाहिले होते. त्यामुळे पत्र्याचा बोगदा हवेने भिजेपर्यंत वाट पाहण्याचे ठरले. करूळचा घाट उतरून झाला तरी बोगदा भिजला नाही. मी सचिव या नात्याने तिन्ही झडपांखाली हात धरून पाहणी केली. पहिल्या खोलीत वादळ होते. दुसऱ्या खोलीत झुळूक होती. तिसऱ्या खोलीत हवेविषयी फक्त आशा होती.

घाटाच्या पायथ्याशी गाडी आंब्याखाली उभी करून तातडीची सभा घेण्यात आली. ज्ञानू ड्रायव्हर खाली उतरून सावलीत बसला. आंब्याखाली गाडीपेक्षा गार होते, पण सभा गाडीत घेण्याचा नियम होता.

ठराव असा झाला:

'गाडीतील थंड हवा ही संस्थेची सामाईक मालमत्ता असून तिचे वाटप पाटाच्या पाण्याप्रमाणे पाळीने करण्यात यावे. तंटा होऊ नये म्हणून सभेचे अध्यक्षपद पुढच्या खोलीत बसणाऱ्या व्यक्तीकडे राहील. तातडीच्या प्रसंगी पाळी बदलण्याचा खास अधिकार अध्यक्षांना राहील. हवा सोडण्या-अडवण्याचे काम पाटकऱ्याकडे सोपवावे.'

खास अधिकाराची ओळ नवी नव्हती. पाण्याच्या ठरावातून ती जशीच्या तशी उचलली होती. हंबीरराव तो अधिकार दरसाल वापरत आणि तातडीचा प्रसंग दरसाल त्यांच्याच शेतात घडत असे.

संस्थेचा पाटकरी गुंडू सामान उचलण्यासाठी गाडीत होताच. उभ्या पाटावर फिरून शेतांची दारे उघडायची आणि झाकायची हे त्याचे काम. कुणाचे दार जरा जास्त वेळ उघडे राहावे यासाठी कुणाकडे चहा घ्यायचा, याचेही त्याला चांगले भान होते. त्याला तिथल्या तिथे हवापाटकरी नेमण्यात आले आणि झडपांपर्यंत हात पोचावा म्हणून एक स्टूल देण्यात आले.

पहिली पाळी पुढच्या खोलीची झाली. दुसरी मधल्या खोलीची झाली. मग गुंडू स्टूल घेऊन महिला कक्षाच्या दारात आला आणि त्याने रीतसर आरोळी दिली.

"महिला कक्षाची पाळी सुरू झाली हो."

शालूबाईंनी झडपेखाली हात धरला. "मग वारं कुठं हाय?"

"पाळी सुरू झाली म्हणालो, मावशी. वारं आलं म्हणालो न्हाई."

"पुढचं दार झाकलंस का?"

गुंडूने स्टुलावरचा धुरळा झटकला. "ते चेअरमनचं दार हाय."

गोष्ट खरी होती. पाटावरही हंबीररावांच्या शेताचे दार कुणी झाकत नसे. गुंडूने पुढच्या खोलीत जाऊन नुसता झडपेकडे हात केला, तर हंबीरराव पलंगावर उठून बसले.

"हात काढ. दार झाकलं की वहिवाट मोडली. आमच्या वडलांनी उभ्या जन्मात दार झाकलं न्हाई."

वडिलांनी झाकले नव्हते आणि मुलानेही झाकले नव्हते. त्यामुळे हंबीररावांची नदीकाठची काळी जमीन पाणी पिऊन पिऊन केव्हाच क्षारपड झाली होती. वर मिठाचा पांढरा थर, पायाखाली चिखल. कुसळही उगवत नाही. पाणी मात्र आजही आधी तिथेच जाते. हक्क पिकाचा नसतो, दाराचा असतो, हे आमच्या संस्थेचे अलिखित तत्त्व आहे.

मग मधल्या खोलीत हवेची गळती सुरू झाली. बोगद्यात पाळीच्या वेळी असलेली हवा तिथून पुढे जाताना निम्म्याने कमी होते, असे ध्यानात आले. मला चौकशी करण्यास सांगण्यात आले. चौकशीस फार वेळ लागला नाही. महालिंग आण्णांच्या बिछान्याच्या वर बोगद्याच्या सांध्यातून एक लांब कापडी नळी निघाली होती. गुळाच्या ढेपेखाली घालतात ते फडके शिवून ती केली होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. पंचनाम्यात मी लिहिले: 'सदर नळीच्या एका मुखाशी बोगदा व दुसऱ्या मुखाशी उपाध्यक्षांचे मुख आढळून आले.'

"चोरी कशाची हो?" आण्णा म्हणाले. "हवा जातीया वाया. मी धरून ठेवतोय."

"माज्या खोलीची हाय ती हवा," शालूबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडं पोचतच न्हाई, मग तुमची कशी?"

या युक्तिवादाची सभेने आदराने नोंद घेतली, कारण पाटाच्या पाण्याबाबत हाच युक्तिवाद मंडळ वीस वर्षे वापरत आले होते. शेवटी नळी अनधिकृत ठरवून तिला दंड आकारून ती कायम करण्यात आली.

येथे वाचकांपैकी काहींनी पान उलटून शेवट किती दूर आहे ते पाहिल्याचे दिसते. पुरेशी गणसंख्या नसल्यामुळे हा अहवाल अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे.

अर्धा तास झाला. तहकूब झालेले कामकाज त्याच ठिकाणी पुढे चालवण्यास गणसंख्येची अट नसते. तुम्ही आलात किंवा न आलात तरी आता पुढे जाता येते.

तर शेवटची खोली गार होईना. आणि ती गार होत नाही तोवर तिथला मोजणारा डबा यंत्राला थांबू देईना. यंत्र प्रामाणिकपणे हवा ओतत राहिले. ती हवा जिथे दार सताड उघडे होते तिथे पडत राहिली. कणकवलीपर्यंत पुढच्या खोलीच्या काचांवर आतून दव आले. हंबीररावांनी आधी पटका कानांवर ओढला. मग मफलर मागवला. मग माझा टॉवेल. शेवटी ज्ञानूच्या सीटखालचे घोंगडे मागवले, त्याला डिझेलचा वास होता. मे महिन्यात, कोकणात, भर दुपारी आमचे अध्यक्ष घोंगडे पांघरून बसले होते आणि त्यांच्या नाकाचे टोक लाल झाले होते.

"साहेब, थंडी वाजतीया का?" मी विचारले.

"थंडी कशाची? जरा गारवा मानवलाय." त्यांना शिंक आली. "दाराला हात लावू नका म्हणावं त्या गुंड्याला."

त्याच वेळी गाडीच्या दुसऱ्या टोकाला शालूबाईंनी कळशीतले पाणी पदरावर ओतून तो डोक्यावर घेतला होता. एकाच गाडीत, एकाच यंत्राखाली, एकाला न्यूमोनियाची आणि एकाला उष्माघाताची भीती होती. मधली खोली तेवढी समाधानी होती, आणि बहुमत मधल्या खोलीचे होते.

मालवणला समुद्राची पाहणी झाली. निष्कर्ष नोंदवला तो असा: 'पाणी शेवटपर्यंत पोचते, परंतु पोचेपर्यंत खारट होते.' मासळीचे जेवण झाले. आण्णांसाठी वेगळा भात आणि सोलकढी. मग सभा. सभेला बसण्याआधी शालूबाईंचा मोबाईल वाजला. वाडीहून मुलगा बोलत होता. फोन कानापासून दूर धरूनही आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"आई, शेंडं वाळाय लागल्यात. ह्या पाळीला पाणी न्हाई आलं तर जनावरास्नी घालू का काढून?"

"थांब जरा," शालूबाई म्हणाल्या. "मी हाय न्हवं हितं."

फोन ठेवून त्या सरळ पुढच्या खोलीत गेल्या. दार उघडल्याबरोबर गारठ्याने त्यांच्या अंगावर काटा आला. हंबीरराव घोंगड्यात गुरफटून बसले होते. त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते, पण नजर झडपेवर होती.

"मरशीला की, चेअरमनसाब."

"या बसा." शिंक. "काय काम हुतं?"

"दार झाका ते."

"वहिवाट मोडती, वैनी. तुमास्नी न्हाई कळायचं."

शालूबाई दोन पावले पुढे आल्या. मग पलंगाच्या कडेला टेकल्या. "तुमी झाकू नगा. ठरावाला झाकू द्या. ठरावानं झाकलं तर तुमी कुठं झाकलं? उलट लोक म्हंतील, चेअरमननं त्याग केला."

त्याग हा शब्द ऐकताच हंबीररावांनी घोंगड्यातून हात बाहेर काढला.

ठराव तिथेच मांडला गेला. हवा असो की पाणी, यापुढे पाळी शेवटच्यापासून सुरू व्हावी. शेवटच्याचे भागल्यावर त्याच्या अलीकडच्याला, मग त्याच्या अलीकडच्याला. सूचक शालूबाई, अनुमोदक स्वतः अध्यक्ष. सभेने फळ्या वाजवल्या.

आणि मग अडचण आली. शेवटचा कोण?

तोवर आमच्या पाटाला एकच शेवट होता आणि तो कुणालाही नको होता. ठराव मंजूर होताच त्याला भाव आला. एक संचालक म्हणाले, माझं शेत पाटातून फुटणाऱ्या आमच्या चारीच्या टोकाला आहे, म्हणजे मी शेवटचा. दुसरे म्हणाले, माझ्या बांधापुढं रस्ता आहे, पाणी रस्ता ओलांडत नाही, म्हणजे शेवट माझ्याशीच. महालिंग आण्णांनी तर सांगितले की त्यांच्या मळ्याच्या पुढे भाषा बदलते, याहून मोठा शेवट कुठला असणार. त्या सकाळपर्यंत ज्यांच्या घराण्यात कुणी शेवटी बसले नव्हते ती माणसे आपले शेवटचेपण पुराव्यानिशी मांडू लागली.

शालूबाई हे सगळे ऐकत उभ्या होत्या. "चला वाडीला," त्या म्हणाल्या. "पाटात उभं ऱ्हावा आणि बगा म्होरं पाट हाय का."

जागेवर जाऊन पाहणे ही पद्धत सभेला मान्य नव्हती. तंटा मिटावा म्हणून असे ठरले की गाडी परत येऊन संस्थेच्या आवारात शिरेल त्या क्षणी जो सदस्य गाडीच्या शेवटच्या खोलीत असेल, तो शेवटचा समजावा आणि त्याच्या शेताला पहिली पाळी द्यावी. नियम स्वच्छ होता. वाद संपला. गुंडूने पुढची झडप ठरावाच्या आधारे निम्मी झाकली.

काय सांगावे, गार हवा बोगद्यातून सरळ मागे गेली. शेवटची खोली गार झाली. डब्याने यंत्राला थांबवले. थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. हंबीररावांनी मफलर सोडला. आण्णांच्या नळीचीही कुणाला आठवण राहिली नाही. घाट चढेपर्यंत गाडीत कुणाचीच तक्रार नव्हती आणि त्यामुळे सगळे संचालक अस्वस्थ झाले होते.

अंगात ऊब आल्यावर हंबीरराव विचार करू लागले. ठरावाने नुसती झडप झाकली नव्हती, पाटावरचे त्यांचे दारही झाकले होते. मागच्या खोलीत शालूबाई होत्या. आवार जवळ येत होते.

मधल्या खोलीतल्यांनाही हेच सुचले होते. आण्णांनी महिला कक्षाचे दार हलकेच वाजवले.

"आक्का, जरा आत येऊ का? पाय मोकळं करायचं हुतं."

"तिथंच करा. हितं पाटी हाय."

पाटी संचालकांनीच लावली होती. तिच्याशेजारी फोटोही काढून घेतला होता. आता तिच्यापुढे इलाज नव्हता. उंबऱ्यावर पाच-सहा प्रतिष्ठित माणसे पाय मोकळे करत उभी राहिली आणि माझी जागा गेली.

गाडी फुलेवाडी ओलांडून रंकाळ्याशी आली तेव्हा हंबीररावांनी केबिनची खिडकी ठोठावली.

"ज्ञानू, गाडी फिरव."

"कुठं, साहेब?"

"कुठं न्हाई. तोंड फिरव. हितनं म्होरं उलटी घे."

ज्ञानूने दोनदा विचारून खात्री केली. मग त्याने रंकाळ्याच्या कडेला गाडीचे तोंड आम्ही आलो त्या दिशेला केले आणि रिव्हर्स गिअर टाकला. हंबीररावांचा हिशेब निर्दोष होता. गाडी ज्या दिशेने जाते ती पुढची बाजू. गाडी मागे गेली की मागची खोली पुढची होते आणि पुढची खोली शेवटची. आवारात शिरताना शेवटच्या खोलीत हंबीरराव.

अशा रीतीने आमच्या संस्थेचा अभ्यास दौरा कोल्हापूर शहरातून पाठमोरा गेला. रिव्हर्सचा भोंगा अखंड वाजत होता. गुंडू मागच्या बंपरवर उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत होता. रंकाळ्यावर भेळ खाणारी माणसे उभी राहिली. एका रिक्षावाल्याने गाडीशेजारून रिक्षा चालवत खिडकीत डोकावून विचारले, "पावणं, रस्ता चुकलाय का गाडी?"

"शासकीय काम हाय," हंबीरराव म्हणाले.

"मग बराबर हाय," असे म्हणून तो रिक्षावाला पुढे गेला.

चौकातल्या पोलिसाने शिट्टी वाजवली, गाडीवरची पाटी वाचली आणि समोरची वाहतूक अडवून आम्हाला वाट करून दिली. मागे जाणाऱ्या संस्थेला आपल्याकडे वाट लगेच मिळते. शिरोली नाक्याला ज्ञानूची मान आखडली. तरी त्याने गाडी गावापर्यंत आणली आणि संस्थेच्या आवारात ढुंगणाकडून घातली. पंपावर माणूस आदेशाची वाट बघत बसला होता. हंबीररावांनी खिशातून पेन काढले.

"सचिव, लिवा. शेवटची खोली माझी. पहिली पाळी आमच्या शेताला."

महिला कक्षाचे दार उघडले. शालूबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि आवारात उतरल्या. त्यांनी माझ्या हातातला कागद मागून घेतला.

"चेअरमनसाब, तुमची खोली शेवटची?"

"व्हय. गाडी कुठल्या अंगानं आत आली, बगितलं न्हवं सगळ्यांनी?"

"म्हंजे पुढची खोली माझी."

"व्हय की."

"पुढच्या खोलीत बसंल तो अध्यक्ष, असा ठराव तुमीच केला. आंब्याखाली. आणि पाळी बदलायचा खास अधिकार अध्यक्षाला." त्यांनी पेनासाठी हात पुढे केला. "मग सही मी करती. पाळी वाडीला."

"आवो, चेअरमन मी हाय."

"मग तुमची खोली पुढची. मग शेवटची माझी. मग पाळी वाडीलाच." शालूबाईंचा आवाज जराही चढला नव्हता. "कुठलं धरायचं, सांगा. मला दोन्ही चालतंय."

हंबीररावांनी गाडीकडे पाहिले. एकदा तिच्या तोंडाकडे, एकदा पाठीकडे. महालिंग आण्णा खाली बघून हसू दाबत होते. इतर संचालक आभाळ बघत होते. अध्यक्षपद सोडायचे की पाणी, हा प्रश्न हंबीररावांना आयुष्यात प्रथमच पडला होता, कारण तोवर दोन्ही एकाच दारातून येत असत.

"लिवा," शेवटी ते मला म्हणाले. "चेअरमन मीच."

पंप सुरू झाला. गुंडू सायकलवरून पाटाच्या कडेने गेला आणि वाटेतली दारे झाकत गेला. हंबीररावांच्या शेताचे दार त्याने झाकले तेव्हा ते गंजले असल्याने बराच वेळ हलले नाही. तिसऱ्या दिवशी पाणी वाडीत पोचले. शालूबाईंचा खोडवा भिजला, शेंडे वर आले. पाळीचे काम नोंदवायला मी वाडीत गेलो तेव्हा त्या पाटाच्या कडेला पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

"मावशी, पाणी मिळालं," मी म्हणालो. "आणि येताना हवा पण मिळाली."

"मिळाली की. घाट चढताना पयल्यांदा वारं आलं अंगावर. झोपच लागली बगा." त्यांनी पाण्यात पाय हलवले. "घरी चुलीम्होरं कुठलं आलंय वारं."

"घरात पंखा नाही?"

"हाय की. सोप्यात."

सोपा म्हणजे घराची पुढची खोली. तिथे त्यांचे मालक आणि मुलगा भिंतीला टेकून पंख्याखाली बसलेले मला येताना दिसले होते. अहवालाच्या दृष्टीने ही बाब संस्थेच्या कार्यक्षेत्राबाहेरची आहे. तरीही जाता जाता मी मालकांना विचारले, स्वयंपाकघरात पंखा का लावत नाही. त्यांनी तांत्रिक कारण दिले: जाळ विझतो.

हे कारण रास्त आहे आणि ते तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही हे वाचताय ती तुमच्या घराची पुढची खोली असणार. पंखा चालू आहे, कुणाकडे कूलर असेल, एखाद्याकडे एसी. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून आतल्या बाजूचे दार लावून घेतलेले असेल. त्या दारापलीकडे, जिथे कुठलीही झडप नेलेली नाही, तिथे आत्ता कुणीतरी गॅससमोर उभे आहे, आणि तव्यावरची भाकरी गार व्हायच्या आत तुमच्या ताटात पोचावी म्हणून घाईने दार उघडते आहे. दार लगेच लावून घ्या म्हणून तुम्ही बसल्या जागेवरूनच सांगणार आहात.